भिंगाचें कुळ आणि भिंगाचें काम

ऋषीचें कुळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ऋषीची परीक्षा त्याच्या तपानें करावी आणि नदीची परीक्षा तिच्या पाण्यानें करावी, असें त्या म्हणीचें सांगणें आम्ही समजतों. परंतु छायाचित्रणाच्या हौशी मंडळींत नेमका याच्या उलट प्रघात पडला आहे. तेथें भिंगाचें कुळ आधीं विचारलें जातें, मोल त्याच्या मागून विचारलें जातें, आणि त्या भिंगानें काढलेलें चित्र डोळे भरून पाहण्याची पाळी बहुधा येतच नाहीं. कॅमेऱ्याबरोबर पेटींत आलेलें साधें भिंग म्हणजे दुकानदारानें भरीला घातलेली वस्तु, आणि खरें भिंग म्हणजे जें घ्यावयास आणखी एका वर्षाची बचत लागते तें, असा एक सिद्धान्तच होऊन बसला आहे. हा सिद्धान्त खोटा आहे आणि अनर्थकारकहि आहे, असें आमचें म्हणणें आहे.

हा सिद्धान्त महाराष्ट्रांत कोठेंहि ऐकूं आला असता तरी त्याचा समाचार घ्यावाच लागला असता. पण पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यांत तो ऐकूं यावा, याचें विशेष आश्चर्य वाटतें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. पवनेकांठच्या शेतांचीं पाहतां पाहतां कारखान्यांचीं आवारें झालीं. १९८२ सालीं गांवांची महानगरपालिका झाली. आणि २००९ सालीं चाकणजवळ फोक्सवॅगनसारख्या जर्मन कंपनीनेंहि मोटारींचा कारखाना उघडला. या सर्व उद्योगाच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे. एकसारखी वस्तु लाखोंच्या संख्येनें, थोड्या खर्चांत, आणि तरीहि मायक्रॉनच्या हिशेबानें अचूक करतां येते, हें तें तत्त्व. येथें घडलेला पिस्टन स्वस्त पडला म्हणून त्यास कोणी हलका म्हणत नाहीं. नकाशावर दिलेल्या मर्यादेंत तो बसतो कीं नाहीं, एवढेंच विचारतात. गो-नोगो गेज लावतात. बसला तर पास, न बसला तर रिजेक्ट. त्या गेजला नगाची किंमत ठाऊक नसते आणि तो घडविणाऱ्या कारखान्याचें नांवहि ठाऊक नसतें.

असें असतां, दिवसभर गेज हाताळणारा हाच गृहस्थ संध्याकाळीं निगडीच्या किंवा चिंचवडच्या आपल्या घरीं येतो, कपाटांतलें भिंग हातीं घेतो, त्यावरचें प्लॅस्टिकचें कडें पाहतो, आणि एकहि माप न घेतां त्यास रिजेक्ट ठरवितो! पायांतल्या वहाणांबरोबर आपल्या धंद्याचा धर्महि उंबऱ्याबाहेर काढून ठेवावा, तसाच हा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल, 'पिस्टनची गोष्ट वेगळी आणि भिंगाची वेगळी. भिंग हें नाजूक शास्त्र आहे. स्वस्तांत तें चांगलें होणार कसें?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शास्त्राकडूनच घेऊं. भिंगाच्या दोषांची यादी नवी नाहीं. जर्मन गणिती झाइडेल यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच त्यांतले पांच मूळ दोष गणितानें मांडून दाखविले होते. १८९३ सालीं इंग्लंडांतील यॉर्क येथील कुक कंपनीच्या डेनिस टेलर यानें अवघ्या तीन कांचा एकीमागें एक ठेवून त्या दोषांना बऱ्याच अंशीं लगाम घातला. १९०२ सालीं येना येथील त्साइस कंपनीच्या पाउल रुडोल्फ यानें चार कांचांचें टेसर भिंग केलें. या तीन-चार कांचांच्या रचना पुढें कित्येक दशकें साध्या आणि मध्यम किंमतीच्या कॅमेऱ्यांतून वापरल्या गेल्या, आणि त्यांनीं काढलेलीं चित्रें आजहि कोणी पुसट म्हणून टाकून देत नाहीं.

मग त्या काळीं अधिक कांचा घालून अधिक दोष कां काढून टाकीत नसत? एक मोठें कारण असें कीं, लेप न दिलेल्या कांचेचें हवेशीं लागलेलें प्रत्येक पृष्ठ सुमारें चार टक्के प्रकाश परत फेकतें. तीन सुट्या कांचांच्या भिंगाला अशीं सहा पृष्ठें असतात. म्हणजे सुमारें बावीस टक्के प्रकाश वाटेंतच गळतो. आतां कॅनन कंपनीनें २००३ सालीं आपल्या स्वस्त कॅमेऱ्याबरोबर दिलेलें १८-५५ मिलिमीटरचें झूम भिंग घ्या. त्यांत अकरा कांचा नऊ गटांत बसविलेल्या आहेत. हवेशीं लागलेलीं पृष्ठें झालीं अठरा. लेपावांचून त्यांतून निम्माहि प्रकाश पार गेला नसता, आणि जो परत फिरला त्यानें आंतल्या आंत घोटाळून चित्रावर धुकें पसरलें असतें. १९३५ सालीं त्साइस कंपनींतच स्माकुला या शास्त्रज्ञानें कांचेवर अत्यंत पातळ लेप देऊन हें परावर्तन आटोक्यांत आणण्याची युक्ति काढली. आजच्या लेपानें प्रत्येक पृष्ठावरचा नाश अर्ध्या टक्क्यावर येतो असें धरलें, तर अठरा पृष्ठांतून नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश सुखरूप पार होतो. एके काळीं नामांकित भिंगालाहि न मिळालेलें हें भाग्य आज पेटींतल्या भिंगाला सहज लाभलें आहे.

दुसरी गोष्ट गणिताची. किरणांचा मार्ग काढण्यासाठीं पूर्वीं माणसें लॉगरिथमचीं कोष्टकें पुढें घेऊन महिनोन्‌महिने आंकडेमोड करीत. तेंच काम संगणक आतां क्षणांत करतो. तिसरी गोष्ट साच्याची. ज्याचें पृष्ठ पूर्ण गोल नाहीं अशा कांचेनें कित्येक दोष एका फटक्यांत कमी होतात. पण असें पृष्ठ घांसून काढणें हें पूर्वीं मोठें जिकिरीचें आणि खर्चाचें काम होतें. आतां एक साचा अचूक केला, कीं त्यांतून हजारों पृष्ठें तशींच निघतात. साचा अचूक करणें म्हणजे काय, आणि एकदां तो केल्यावर पुढचा नग किती स्वस्त पडतो, हें चाकणच्या टूलरूममधल्या माणसाला आम्हीं सांगण्याची आवश्यकता नाहीं. भिंग स्वस्त झालें याचा अर्थ त्यांतली अक्कल कमी झाली असा होत नाहीं. ती अक्कल एकदांच खर्चून लाखों नगांवर वांटली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

वर ज्याचा उल्लेख केला त्या २००३ सालच्या भिंगाची जाणत्या लोकांत फारशी वाहवा झाली नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. परंतु २००७ सालीं त्याच कंपनीनें त्याच मापाचें, हाताचा कंप सांवरणारें नवें भिंग आणलें. तें आधीच्याहून पुष्कळच रेखीव निघाले, असें तपासणाऱ्यांनीं मान्य केलें. ज्यांच्या पेटींत तें आलें त्यांना मात्र त्याची वार्ताहि नव्हती. त्यांच्या कानीं जुनीच बदनामी पडत राहिली. बापाचें कर्ज मुलाच्या माथीं मारावें, तसें हें झालें! या भिंगाचे धनी वर्षानुवर्षें दुसऱ्या भिंगाचे दोष आपल्या भिंगाच्या नांवावर मांडीत बसले.

छिद्राची गोष्ट तर याहून बोलकी आहे. भिंगाचें छिद्र पूर्ण उघडें असतां त्याचे बहुतेक दोष उघडे पडतात. तें एफ-८ पर्यंत लहान केलें, कीं त्यांतले पुष्कळसे दबतात. उलट, छिद्र जसें लहान होतें तसा प्रकाशाचा लहरीस्वभाव आडवा येऊं लागतो. भिंग सर्वस्वीं निर्दोष असलें तरी हिरव्या प्रकाशाचा बिंदु एफ-८ वर सुमारें अकरा मायक्रॉनांहून लहान ठिपका पाडूं शकत नाहीं. एफ-१६ वर तोच ठिपका एकवीस-बावीस मायक्रॉनांचा होतो. हा निसर्गाचा नियम आहे, आणि तो भिंगाची पावती पाहत नाहीं. दिवसाढवळ्या, तिपाईवरून, एफ-८ किंवा एफ-११ वर काढलेलीं दोन चित्रें, एक राजघराण्यांतल्या भिंगाचें आणि एक पेटींतल्या भिंगाचें, आठ बाय बारा इंचांच्या कागदावर छापून शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर त्यांतलें थोरल्या घरचें कोणतें हें सांगतांना भल्याभल्यांची तारांबळ उडेल. इंचाला तीनशें ठिपके या हिशेबानें तेवढ्या कागदाला शहाऐंशी लक्ष चाळीस हजार ठिपके पुरतात. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट असतात. ज्यांच्या घरीं आठ बाय बाराची एकहि फ्रेम भिंतीवर लागलेली नाहीं, त्यांनीं भिंगाच्या कोपऱ्यांतल्या रेखीवपणाची चिंता वाहावी, हें अजबच म्हटलें पाहिजे!

आतां प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें मोकळ्या मनानें मान्य करूं. लग्नाच्या अंधुक मांडवांत चित्रें काढून पोट भरणाऱ्याला मोठ्या छिद्राचें भिंग लागतें, एफ-२.८ हें छिद्र एफ-५.६ पेक्षां चौपट प्रकाश आंत घेतें, आणि त्या चौपटीची भरपाई कोणत्याहि युक्तिवादानें होत नाहीं. भिगवणच्या पाणवठ्यावर दूरचा पक्षी टिपणाऱ्यास लांब भिंग हवें. पावसांत, धुळींत रोज काम करणाऱ्यास मजबूत बांधणी हवी. या मंडळींनीं महाग भिंग घ्यावें, आणि तें घेतलें म्हणून त्यांस कोणी नांवें ठेवूं नयेत. त्यांनीं कामावरून भिंग ठरविलें. आमचें भांडण आहे तें किंमतीवरून लायकी ठरविणारांशीं. मुलीच्या वाढदिवसाचें चित्र दिवसाउजेडीं काढावयाचें, आणि त्यासाठीं हप्त्यानें लाखाचें भिंग आणावयाचें, हा व्यवहार आमच्या मतें विचाराचा अभाव दाखवितो.

या भांडणांत एक दुसरा पक्षहि आहे, आणि तो स्वतःस पहिल्याहून शहाणा समजतो. हा जुन्या भिंगांचा भक्त. जुन्या बाजारांतून किंवा आजोबांच्या ट्रंकेंतून निघालेलें सोविएत बनावटीचें हेलिओस भिंग तो नव्या कॅमेऱ्यास जोडतो. अठ्ठावन मिलिमीटरचें हें भिंग त्साइसच्या बिओटार भिंगाच्या नमुन्यावर बेतलेलें आहे, आणि अपेक्षेहून सरस निघालेल्या भिंगांत त्याची गणना होते, ती योग्यच आहे. पण या भक्ताचें प्रेम तेथें थांबत नाहीं. पार्श्वभूमीवरचा उजेड भोवऱ्यासारखा फिरलेला दिसला, कीं तो त्या दोषास भिंगाचा स्वभाव म्हणतो. तोच दोष पेटींतल्या भिंगांत दिसता, तर त्यास बनावटीचा हलकेपणा म्हणाला असता. एकजण नव्याच्या किंमतीला भुलला, दुसरा जुन्याच्या वयाला भुलला. चित्राकडे दोघांनींहि पाहिलें नाहीं. आमच्याकडच्या पावसाळ्यांत भिंगाच्या आंत बुरशीचे तंतु धरतात, हें तर या भक्तमंडळीनें विशेष ध्यानांत ठेवावें. भिंगांतून विजेरीचा झोत आरपार सोडला, कीं तीं जाळीं लगेच दिसतात. वयाचा मान बुरशीला कळत नाहीं.

साध्या भिंगावर विश्वास ठेवल्यानें काय साधतें, याचा दाखला शोधावयास फार दूर जाणें नको. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत पुष्कळ मराठी घरांतून बडोद्यास तयार होणारा आगफा क्लिक-थ्री हा कॅमेरा असे. त्याचें भिंग अगदीं प्राथमिक. ना छिद्रांची लांबलचक श्रेणी, ना अंतर जुळविण्याची सूक्ष्म सोय. तरी त्याचीं चित्रें आजहि ट्रंकेंतून काढल्यावर बघत राहावींशीं वाटतात. याचें कारण जादूचें नसून मापाचें आहे. त्यांत १२० नंबरच्या रिळावर सहा सेंटिमीटर चौरस अशीं बारा चित्रें निघत. पंधरा सेंटिमीटरांचा फोटो करावयास ती निगेटिव्ह केवळ अडीचपट मोठी करावी लागे. चोवीस मिलिमीटर उंचीच्या निगेटिव्हला तेवढ्याच कागदासाठीं सहापटींहून अधिक ताणावें लागतें. त्यामुळें भिंगाचे दोषहि क्लिक-थ्रीच्या चित्रांत अडीचपटच फुगत. ज्यानें तो कॅमेरा घेतला त्याला हा हिशेब ठाऊक नव्हता; पण त्यानें कॅमेरा कपाटांत न ठेवतां बायकोला, आईला, अंगणांतल्या गाईला समोर उभें केलें, आणि आज त्याच्या नातवंडांजवळ आजीचा तरुणपणींचा चेहरा आहे. उत्तम भिंगाची वाट पाहत बसलेल्या त्याच्या शेजाऱ्याच्या नातवंडांजवळ काय आहे?

या भूमीला अशा गोष्टीचें नवल वाटूं नये. चाकणचा संग्रामदुर्ग हा साधा भुईकोट. ना कडा, ना डोंगर. १६६० सालीं शाएस्तेखान प्रचंड फौज घेऊन आला, तेव्हां हा किल्ला एका झपाट्यांत पडेल अशीच त्याची समजूत असावी. फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर लोकांनिशीं तो जवळजवळ दोन महिने लढविला. अखेर किल्ला गेला. परंतु दुर्गांच्या कुळाकडे पाहून हिशेब मांडणाऱ्यांचा हिशेब त्यानें चुकविला. तिकडे कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडविला, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढें आला. परदेशी पेढीचा शिक्का नसलेल्या त्या यंत्राला कुळ विचारीत बसले असते, तर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट कागदावरच राहिला असता.

या सगळ्या खटाटोपांत धोक्यांत काय आहे, असें वाचक विचारतील. धोक्यांत आहे या पट्ट्याची आठवण. पिढी उलटण्यापूर्वीं जेथें भुईमूग होता तेथें आज गोदाम आहे, आणि आजच्या गोदामाच्या जागीं उद्यां काय असेल तें कोणी सांगूं नये. पाळी सुटतांना कारखान्याच्या फाटकांतून लोटणारी माणसें, चाकणच्या बाजारांत कांद्याच्या ढिगावर चढून भाव पुकारणारा अडत्या, चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीमागें पवनेचा घाट, संग्रामदुर्गाचे उरलेसुरले तट, गांवठाणांतलीं शेवटचीं कौलारू घरें आणि त्यांच्या ओसरीवर बसलेले म्हातारे, हें सर्व टिपण्यास पेटींतलें भिंग पुरून उरतें. लाखाचें भिंग येईपर्यंत यांतलें कांहीं थांबणार नाहीं. वार्धक्य थांबत नाहीं, आणि जेसीबीहि थांबत नाहीं.

याहून मोठा धोका आणखी एक आहे, आणि तो या पट्ट्याच्या थेट पोटाशीं भिडतो. 'स्वस्त आणि संख्येनें निघालेलें, म्हणून हलकें' हा न्याय जर भिंगाला लागू आहे, तर तो चाकणच्या मालालाहि लागू होतो. येथला नग परदेशीं जाईल, तेथला गिऱ्हाईक वेष्टन पाहील, किंमत पाहील, देशाचें नांव पाहील, आणि माप न घेतांच नाक मुरडील. तेव्हां आपण संतापून म्हणूं, 'अहो, आधीं गेज तर लावा!' तें म्हणणें अगदीं न्यायाचें असेल. पण जो न्याय आपण स्वतःच्या कपाटांतल्या वस्तूस देत नाहीं, तो दुसऱ्याजवळ कोणत्या तोंडानें मागावयाचा? आपल्या मुलांनाहि आपण हेंच शिकवीत आहों: वस्तु तपासण्यापेक्षां तिचा बडेजाव पाहावा, आणि हातीं असलेल्या साधनाला दोष देऊन काम टाळावें.

तेव्हां आमची सूचना साधी आहे, आणि ती कारखान्यांतल्या माणसास सहज पटेल. पेटींतलें तें भिंग येत्या रविवारीं बाहेर काढावें. वर्तमानपत्राचें छोट्या जाहिरातींचें पान सपाट भिंतीवर नीट चिकटवावें. कॅमेरा तिपाईवर, भिंतीशीं समांतर ठेवावा. धक्का बसूं नये म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावावा. आणि छिद्र पूर्ण उघडें असल्यापासून एफ-११ पर्यंत एकेक चित्र घ्यावें. मग चारहि कोपरे एकमेकांशीं ताडून पाहावे. एकच कोपरा पुसट आला, तर आंतली कांच कललेली आहे असें समजावें. असे सदोष नगहि निघतात, आणि मुदतींत असेल तर तो नग दुकानदारास परत करावा. चारहि कोपरे सारखे आले, तर एफ-८ वर काढलेलें एक घरचेंच चित्र आठ बाय बारा इंचांवर छापून घ्यावें, आणि हातभर अंतरावरून घरांतल्या माणसांसह पाहावें. परीक्षेंत भिंग नापास झालें, तर खुशाल नवें घ्यावें. आमची कांहीं हरकत नाहीं. पण तें पास झालें, तर पुन्हा कपाटांत ठेवूं नये.